धारकास दिलेले वचन

बँकेच्या काउंटरवर ज्याने काही वर्षे काढली आहेत, त्याला फाटक्या नोटेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. धुण्यात गेलेली, उंदराने कुरतडलेली, घामाने विरघळत आलेली, मधोमध दुमडून दुमडून दोन तुकडे झालेली अशी किती तरी रूपे या नोटेची मी पाहिली आहेत. भाजीवाली बाई पदराच्या गाठीतून ती काढून पुढे करी आणि ‘साहेब, चालंल का ही?’ असे भीतभीत विचारी. मी पाहायचो ते एवढेच की, नोट खरी आहे ना, मुद्दाम कापलेली तर नाही ना आणि तुकडा केवढा उरला आहे. तुकड्याच्या क्षेत्रफळावर पूर्ण किंवा निम्मे पैसे द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम. ही नोट बाईकडे कोणाकडून आली, आधी कोणी कशी वापरली, याची चौकशी करण्याचे मला कारण नसे. नोटेवर छापलेले वचन मुळातच ‘धारकाला’ दिलेले असते. नोट ज्याच्या हाती, वचन त्याला.

बाजारातली इतर वचने अशी नसतात. पंखा घ्या, मिक्सर घ्या, सोबतच्या हमीपत्रावर आधी तुमचे नाव, मग खरेदीची तारीख, मग दुकानदाराचा शिक्का. पावती हरवली की हमी गेली. वस्तू भावाला दिली तरी गेली. आमच्या भाषेत सांगायचे तर नोट म्हणजे बेअरर कागद आणि हमीपत्र म्हणजे दोन रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ केलेला चेक. बँक स्वतः जी गॅरंटी देते तीसुद्धा रक्कम, मुदत आणि दावा करण्याची शेवटची तारीख घालूनच देते. बिनमुदतीच्या आणि बिननावाच्या गॅरंटीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसचा फोन आला असता.

त्यामुळे अमेरिकेतली एक कंपनी आपल्या यंत्राला कित्येक दशके नेमकी अशीच हमी देत आली आहे, हे कळले तेव्हा माझ्यातला निवृत्त अधिकारी जागा झाला. यंत्र कोणाचेही असो, कितव्याही हाताने घेतलेले असो, पावती असो वा नसो, मोडलेला भाग कंपनी फुकट पाठवते. आणि यंत्र फारच झिजले असेल तर ते परत कारखान्यात पाठवायचे. कंपनी ते संपूर्ण उघडते, साफ करते, झिजलेले भाग बदलते, जुळवते आणि ठरावीक आकार घेऊन परत करते. नव्या यंत्राच्या किमतीपुढे हा आकार अगदीच किरकोळ. वाचकांना यंत्राचे नाव ऐकून मात्र धक्का बसेल. हे यंत्र आहे वापरलेली काडतुसे घरच्या घरी पुन्हा भरण्याचे.

माझी मुलगी अॅरिझोना राज्यात फीनिक्सजवळच्या चँडलर गावात राहते. हिवाळ्यात आमचा मुक्काम तिच्याकडे असतो. तिचे शेजारी गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत. माझी नात मला ‘आजोबा’ म्हणते, म्हणून तेच माझे नाव आहे अशी त्यांची समजूत झाली आणि तेही मला ‘आजोबा’ अशीच हाक मारतात. वयाने ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठे असतील. त्यांच्या गॅरेजमध्ये मोटारीला जागा नाही. तिथे जाड लाकडी टेबल आहे आणि त्या टेबलाला बोल्टने आवळलेले हे निळे यंत्र.

काडतूस म्हणजे नेमके काय, हे मलाही तिथेच समजले. त्याचे चार भाग. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर नावाचा बटणाएवढा स्फोटक तुकडा, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की प्रायमर पेटतो, दारू जळते, गोळी निघून जाते. मागे उरते ती पुंगळी. पोलीस पंचनाम्यात ‘दोन रिकाम्या पुंगळ्या हस्तगत’ असे आपण वाचतो, तीच. काडतुसातला सगळ्यात महाग भाग तोच आणि तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. जळका प्रायमर ठोकून बाहेर काढायचा, फुगलेली पुंगळी साच्यातून दाबून मूळ मापाची करायची, नवा प्रायमर बसवायचा, मोजून दारू घालायची, गोळी बसवायची. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरते हे काम करायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायचे असेल तर लागतो. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा हा छंद आपल्याला लागण्यासारखा नाही.

आपल्या नेमबाजांनाही त्याची फारशी ओळख असण्याचे कारण नाही. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, ते ज्या पॉइंट टू टू काडतुसांवर, त्यांत प्रायमरचे बटण नसतेच. स्फोटक द्रव्य पुंगळीच्या काठातच भरलेले असते. एकदा झाडले की पुंगळी भंगारात. गंमत अशी की, अमेरिकेतल्या या धंद्याचा एक मोठा प्रवाह याच भंगारातून निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोळ्यांचा तुटवडा होता. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन या गृहस्थाने १९४३ साली वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या भागात असे साचे बनवले की, या निकामी पुंगळ्या दाबून गोळीवरचे आवरण तयार व्हावे. रॉक चक नावाच्या, घुशीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याची शिकार करायला त्या गोळ्या हव्या होत्या. त्यावरून कंपनीचे नाव पडले ‘आरसीबीएस’. तिची यंत्रे हिरवी. विस्कॉन्सिनच्या ‘ली’ कंपनीची लाल. आणि माझ्या शेजाऱ्यांचे निळे यंत्र ‘डिलन’चे, फीनिक्सला लागून असलेल्या स्कॉट्सडेलचे.

माइक डिलन हे टीडब्ल्यूए या विमान कंपनीत वैमानिक होते आणि त्यांना मशीनगन चालवण्याचा शौक होता. ज्या बंदुकीला मिनिटाला शेकडो काडतुसे लागतात तिच्यासाठी एकेक पुंगळी हाताने भरत बसणे म्हणजे चमच्याने विहीर भरण्यासारखे. म्हणून त्यांनी अशी यंत्रे बनवली, की ज्यात फिरत्या चकतीवर एकाच वेळी चार पुंगळ्या चार टप्प्यांवर उभ्या असतात. दांडा एकदा खाली ओढून वर केला की चारही ठिकाणची कामे होतात. शेजाऱ्यांकडचे यंत्र यातलेच, ‘आरएल ५५०’ जातीचे. यातली चकती आपोआप फिरत नाही, प्रत्येक वेळी बोटाने पुढे सरकवावी लागते. सगळी मेख तिथे आहे. लक्ष विचलित होऊन चकती फिरवायची राहिली, तर एकाच पुंगळीत दारूचे दोन हप्ते पडू शकतात. पिस्तुलाच्या पुंगळीत दारू इतकी थोडी असते, की दुप्पट पडली तरी अनेकदा वरून कळत नाही. कळते ते चाप ओढल्यावर. पिस्तूल फुटते आणि बोटे जातात, डोळा जातो. म्हणून गुरुजींच्या गॅरेजमध्ये काम चालू असताना रेडिओ लागत नाही, कोणी बोलत नाही आणि खायला-प्यायला तर सक्त मनाई, कारण जळक्या प्रायमरच्या धुळीत शिसे असते. देवघरातसुद्धा आमच्याकडे इतके सोवळे पाळले जात नाही.

हे यंत्र त्यांचे स्वतःचे नव्हे. त्यांचे एक मित्र वारले. घर विकायचे म्हणून मित्राच्या पत्नीने सामान विक्रीला काढले. त्यात हे होते आणि गुरुजींनी ते घेतले. मित्राची नात कॉलेजात जाते, नेमबाजीच्या स्पर्धांत भाग घेते. यंत्र धड करून तिच्या हवाली करायचे, असा त्यांचा बेत. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते यंत्र म्हणवत नव्हते. दारू ठेवायच्या प्लॅस्टिकच्या नळीत जुनी दारू वर्षानुवर्षे राहिल्याने नळी तपकिरी होऊन आतून खरवडल्यासारखी झाली होती. दट्ट्यावर काळा चिकटा होता. प्रायमर आणून देणारी पट्टी अडकत होती. चकती हाताने हलवली तर डुगडुगत होती. आणि मित्राने स्वतः केलेल्या दुरुस्त्या होत्या त्या वेगळ्याच. एका स्प्रिंगच्या जागी वाकवलेली तार, एका ठिकाणी एकावर एक दोन वायसर आणि एक खिट्टी कानशीने घासून बारीक केलेली.

मी म्हटले, ‘‘तुम्ही हातचे कसबी आहात. चार भाग मागवून घरीच करा की.’’

गुरुजींनी मान हलवली. ‘‘आजोबा, या खिट्टीचे मूळ माप किती होते, सांगा बघू. मलाही सांगता येत नाही. ते फक्त बनवणाऱ्याला ठाऊक.’’

मला हे उत्तर फार मोलाचे वाटले. दुरुस्ती दोन प्रकारची असते. एक, वस्तू चालू करणे. दुसरी, वस्तू मूळ मापावर आणणे. पहिली कोणीही हुशार माणूस करू शकतो आणि आपला देश या हुशारीवर कित्येक पिढ्या चालला. पण मालकागणिक एक जुगाड चढत गेला की कोणता भाग मूळचा, कोणता सोयीचा, हे कळेनासे होते. वह्यांमध्ये वर्षानुवर्षे ‘सस्पेन्स’ खात्यात रकमा टाकून ताळेबंद जुळवत गेले की असेच होते. शिल्लक जुळते, पण कशाने जुळते ते कोणालाच सांगता येत नाही. पंख्याचे जुगाड केले तर पंखा फार तर आवाज करील. इथे हाताची बोटे पणाला लागलेली होती आणि ती दुसऱ्याच्या नातीची.

पाठवण्याआधीची तयारी दोन दिवस चालली. यंत्रात दारूचा कण किंवा एकही प्रायमर राहता कामा नये. टपालाने पाठवायचे असो वा स्वतः नेऊन द्यायचे असो, हा नियम मोडायचा नाही. मग कंपनीला फोन झाला आणि कारखाना अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर असल्याने एका सकाळी खोके मोटारीत घालून आम्हीच निघालो. तिथे काय काय विचारतील, म्हणून माझे कान टवकारलेले होते. यंत्राबद्दल विचारले, पावतीबद्दल नाही. काही आठवड्यांनी यंत्र परत आले. दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरत होता, चकती जागच्या जागी बसत होती, तार आणि जोडवायसर नाहीसे झाले होते. सांगाड्यावरचा निळा रंग जिथे उडाला होता तिथे मात्र तो उडालेलाच होता. आणि मित्राने कधी तरी खिळ्याने कोरलेली नावाची आद्याक्षरेही तशीच होती.

असे वचन परवडते कसे, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. विचार करता लक्षात आले, की यात भाबडेपणा मुळीच नाही. मोडणारे भाग बहुधा स्वस्तातले असतात. फुकट भाग मिळालेला माणूस दहा जणांना सांगतो. जुने यंत्र चढ्या भावाने विकले जाते, म्हणून नवे घेणाराही कचरत नाही. आणि जुने यंत्र ज्याच्या हाती पडते, तो साचे आणि इतर जोड घ्यायला त्याच दुकानात येतो. शिवाय वचनाला कुंपण आहे. रोजच्या घाण्याला जुंपायच्या, धंद्यासाठीच्या मोठ्या यंत्राला ही आजन्म हमी दिली गेली नाही, तिला मुदत आहे. विजेवर चालणाऱ्या भागांनाही वर्षाचीच मुदत. जोखीम कुठे घ्यायची आणि कुठे नाही, हे ज्याने ठरवले तो आमच्या कर्जविभागात शोभला असता.

कुंपण नसले की काय होते, याचेही उदाहरण अमेरिकेतच आहे. मेन राज्यातल्या ‘एल. एल. बीन’ने १९१२ साली पहिले शंभर जोड बूट विकले. शिवण उसवून त्यातले नव्वद परत आले आणि मालकाने सगळ्यांचे पैसे परत केले, असे कंपनीच अभिमानाने सांगते. त्यातून ‘कधीही परत आणा’ हे वचन जन्माला आले आणि शंभर वर्षे टिकले. पुढे लोक जुन्या बाजारातून फाटके कपडे विकत घेऊन परताव्यासाठी आणू लागले आणि २०१८ साली कंपनीने एका वर्षाची मुदत घातली. इथे धारकाला पैसे परत मिळत होते, तिथे धारकाला दुरुस्ती मिळते. फरक लहान दिसतो, पण लबाडाला दुरुस्तीत रस नसतो.

आणि हमी शेवटी हमीदाराएवढीच भक्कम. १८१६ सालापासूनची रेमिंग्टन ही बंदुकांची कंपनी २०१८ साली आणि पुन्हा २०२० साली दिवाळखोरीत गेली आणि तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. अशा विक्रीत घेणारा मालमत्ता घेतो, जुनी वचने घेईलच असे नाही. माइक डिलन २०१६ साली वारले. त्यांचे वचन त्यांच्या मागे चालू राहिले ते माणसाच्या चांगुलपणावर नव्हे, कंपनीच्या रिवाजावर.

इतके कौतुक करून झाल्यावर एक गोष्ट सांगणे भाग आहे. माझ्या मुलीला माझे त्या गॅरेजमध्ये जाणे आवडत नव्हते. तिने तसे बोलून दाखवले नाही, पण यंत्र द्यायला गेलो त्या संध्याकाळी जेवताना आठ वर्षांच्या नातीने शाळेत आज काय झाले ते सांगितले. दिवे घालवून सगळी मुले भिंतीशी कोपऱ्यात बसली होती, बाईंनी दार आतून लावून घेतले होते आणि कोणी शिंकायचे नव्हते. बंदूकवाला शाळेत शिरला तर काय करायचे, याचा तो सराव. आग लागण्याच्या सरावाइतकाच तिला तो नित्याचा. २०२२ साली टेक्सासमध्ये उव्हाल्डीच्या प्राथमिक शाळेत एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. त्यातली बरीचशी मुले माझ्या नातीहून फार तर वर्षा-दोन वर्षांनी मोठी होती.

मी हा विषय गुरुजींकडे काढला. चाळीस वर्षे वर्गात घालवलेला तो माणूस, त्यांना तो टाळता येणार नव्हता. ते म्हणाले, ‘‘ज्याला असे काही करायचे असते तो एकेक पुंगळी घासत बसत नाही. तो दुकानातून पेटी विकत आणतो.’’ ते खरे असावे. इतक्या संथ, इतक्या काटेकोर कामातून माणूस उतावळा होत नाही, हे मी पाहत होतो. पण मला जी भीती वाटत होती तिला हे उत्तर पुरेसे नव्हते, आणि तसे मी त्यांना सांगितलेही. ते रागावले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘माझ्याही वर्गात मी दार कुठून लावायचे ते शिकवून ठेवले होते.’’

नंतर मला जाणवले, की माझी अस्वस्थता यंत्राबद्दल नव्हती, ‘धारक’ या शब्दाबद्दल होती. परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना अमेरिकेत पार्श्वभूमी तपासली जाते. पण अॅरिझोनासकट अनेक राज्यांत एका नागरिकाने दुसऱ्याला बंदूक विकली तर अशी तपासणी सक्तीची नाही. वस्तू ज्याच्या हाती, हक्क त्याचा. म्हणजे बेअररच! बेअरर चेक सोयीचा असतो आणि हरवला तर ज्याला सापडेल तो वटवू शकतो, हे बँकेतला शिपाईही जाणतो. म्हणूनच आमच्या धंद्यात पुढे ‘तुमचा ग्राहक ओळखा’ असा नियम आला. ओळख पटवल्याशिवाय खाते नाही, मोठ्या रोख रकमेला पॅन. लोक कुरकुरले, पण नाव विचारणे हा काही अपमान नव्हे.

तेव्हा माझ्यापुरता हिशेब मी असा मांडला. वस्तू विकताना नाव विचारावे, वस्तू दुरुस्त करताना विचारू नये. ज्या वस्तूने जीव जाऊ शकतो ती कोणाच्या हाती जाते हे समाजाला ठाऊक असले पाहिजे. पण एकदा ती योग्य हाती असली, की ती मूळ मापावर ठेवणे ही बनवणाऱ्याची जबाबदारी, मग धारक पहिला असो की पाचवा. आपण मात्र जगभर बहुधा उलटे करतो. विकताना हसून देतो आणि दुरुस्तीला आले की पावती मागतो.

आपल्याकडचे निराळे काय आहे? जात्याचे दात झिजले की टाकी लावायला माणसे दारोदार येत, भांड्यांना कल्हई करणारा गल्लीच्या तोंडाशी भाता पेटवून बसे. जाते कोणी घडवले, भांडे कोणत्या दुकानचे, हे त्यांनी कधी विचारले नाही. ती परंपरा आपण पाहता पाहता मोडीत काढली. अलीकडेच आमच्या घरचे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बिघडले तेव्हा कंपनीच्या माणसाने भाग पाहिलाही नाही. क्रमांक पाहिला आणि ‘हे मॉडेल बंद झाले’ एवढे सांगून नव्याची किंमत सांगितली. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षअखेरीस कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र मिळावी अशी सोय केली. सुरुवात चांगली आहे. पण हक्क कायद्याने मिळतो, मूळ माप जपून ठेवण्याची सवय कायद्याने लागत नाही. ती बनवणाऱ्याला आपल्या कामाची लाज किंवा अभिमान, दोन्हींपैकी काही तरी वाटत असेल तरच लागते.

यंत्र मित्राच्या नातीकडे गेले. जाण्याआधी गुरुजींनी एका पुठ्ठ्यावर कारखान्यात दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख आणि बदललेला प्रत्येक भाग आपल्या वळणदार, फळ्यावरच्या अक्षरात लिहिला आणि तो पुठ्ठा खोक्यात ठेवला. मुलगी म्हणाली, हे सगळे माझ्या लक्षात राहील. ते म्हणाले, ‘‘तुझ्यासाठी नाही. तुझ्यानंतर जो घेईल त्याच्यासाठी.’’